पंच क्रमांक दोन

दस्तगीर बाबालाल मुलाणी, वय सेहेचाळीस,
धंदा रेडियम आर्ट, राहणार आष्टा.
समक्ष वाचून दाखवले, बरोबर आहे म्हणून सही.

बरोबरच होतं.
बाभळीपासून ट्रॉली अकरा फूट.
ट्रॉलीपासून मोटारसायकल, मी म्हटलं, शून्य.
हवालदार म्हणाला, शून्य लिहीत नसतात,
लगत लिहू.

भडंग लिहिलं नाही त्यांनी.
पोराच्या हँडलला पिशवी होती, ती फुटली,
आणि मिरजवाडीच्या अलीकडं डांबरावर,
पाचटात, काचेत, माझ्या चपलेत,
भडंग.
लसणाचा वास येत होता.
एवढं सगळं होऊन लसणाचा वास.

डोकं मांडीवर घेतलं तेव्हा तो म्हणाला,
"काका, दिसलीच न्हाई ओ."
माफी मागितल्यासारखं.
मी म्हणालो, "असू दे."

असू दे!
बावीस वर्षांचं पोर, बागणीचं, सुयोग नाव,
ते मला पेपरात कळलं,
आणि त्याच्या कानात शेवटचं माणूस काय बोललं
तर असू दे.

दुसऱ्या दिवशी नसीमनं फळीवरचा डबा
कुठं नेऊन ठेवला, मी विचारलं नाही.
अम्मीनं मिरजेच्या दर्ग्यातनं पाणी आणलं. प्यालो.
सांगलीच्या सिव्हिलला एक मॅडम बसतात बुधवारी,
त्यांनी विचारलं, डोळे मिटल्यावर काय दिसतं?
म्हटलं, काही नाही.
मग चांगलं आहे, म्हणाल्या.
तेच दिसतं ओ मॅडम.
ट्रॉलीच्या मागं जे होतं ते.
बारा टन ऊस आणि त्यावर
लाल असा एक ठिपका नाही.

माझ्या दुकानात लाल रंगाचे चार रोल पडून असतात.

ब्लेड धरलं की हात हलायचा.
एका टेम्पोचं 'पुन्हा भेटू' करायला घेतलं,
'भे' दोनदा फाटला.
गिऱ्हाईक म्हणालं, राहू दे मामू,
नुसता नंबर टाका.

शनिवारी दुकान बंद करून घरी निघालो होतो,
गाडी कारखान्याच्या वळणाला जाऊन थांबली.
ट्रॉल्यांची रांग. शेकोट्या. कुणाच्या तरी मोबाईलवर तमाशा.
पहिला ड्रायव्हर म्हणाला, "आरटीओनं धाडलंय काय?"
"न्हाई."
"मग कितीला?"
"पैसे नकोत."
"मग कशाला?"
म्हटलं, रोल उरलाय.

चिखलावर रेडियम धरत नाही.
सदऱ्यानं पुसलं, वरनं नखानं दाबलं.
बॅटरी मारून बघितली, पेटल्यासारखी पट्टी चमकली,
आणि मी तिथंच उकिडवा बसलो, थोडा वेळ,
बॅटरी लावत, विझवत.
"काय झालं हो?" "काय न्हाई. फुफाटा गेला डोळ्यात."

सात झाल्या.
आठवीला रोल संपला.
तिचा काटा आधी झाला होता, ती रिकामी होऊन
गावाकडं निघाली तशीच. वळेपर्यंत बघितली.
वळल्यावर नुसती ऐकली.

तिसऱ्या ड्रायव्हरनं नको नको म्हणताना
एक कागदाची पुडी खिशात कोंबली होती.
घरी येऊन काढली, वासावरनं कळलं.
सोडली नाही.
नसीमनं ताट वाढलं, पुडीकडं बघितलं, बोलली नाही काही.
ती पुडी तशीच, ताटाच्या लगत.
दोन भाकरी खाल्ल्या, खूप दिवसांनी दोन.

बाहेरनं एक गेली,
भरलेली, आवाजावरनं.
उठून खिडकीशी जाईपर्यंत
तिचं मागचं दिसलं नाही.