ऑक्टोबरातले आकडे

मिरकरवाड्याच्या बर्फ कारखान्यात
रात्रपाळीची वही उलटी धरली
की आमचा हंगाम सुरू होतो.
पुढून : कुठल्या लाँचला किती लाद्या, उधारी किती.
मागून : सातासमुद्रापारचे तीस बास्केटबॉल संघ,
प्रत्येकाच्या ब्याऐंशी लढती,
आणि कोण किती जिंकणार याचा
मी आणि इकबाल मजगावकरने
बारा वर्षं नेमाने चुकवलेला हिशेब.

तिकडे दिवेलागण तेव्हा इथे पहाट.
कॉम्प्रेसरच्या घरघरीत
मिठाच्या गोणीला मोबाईल टेकवून
आम्ही त्यांची उंच उंच पोरं बघायचो.
संघांना बंदरातल्या लाँचींची नावं दिली होती.
जुनं इंजिन, नवा रंग : तो 'भैरीकृपा'.
एकट्या तांडेलाच्या जिवावर तरंगणारा : 'अल-रहमान'.
खलाशी सगळे पोरसवदा,
जाळं कुठे टाकावं कळत नाही, पण धावतात कसले :
ती 'जलसुंदरी'. तिच्यावर इकबालचा जीव.

"जिंकावेत असं वाटतं ते लिहू नको मेल्या,
जिंकतील असं वाटतं ते लिही,"
असं मला बजावून
स्वतः जलसुंदरीला गुपचूप चार वाढवायचा.

पण चार आणायचे कुठून?
सगळ्यांचे विजय मिळून बाराशे तीस,
एक कमी नाही, एक जास्त नाही.
या खेळात बरोबरी नसते.
एकाच्या पदरात टाकायचं ते
दुसऱ्याच्या पदरातून काढूनच.
मग तो भैरीकृपाचे चार कापायचा
आणि दुसऱ्या दिवशी खऱ्या भैरीकृपाला
दोन लाद्या जास्त द्यायचा.

जयगडचा माझा सासरा मोहोर बघून बाग बोलतो.
त्याची आणि आमची जात एकच.
तोही म्हणतो, फांदी बोलते, तुडतुडा बोलत नाही.
आंबा पेटीत भरेपर्यंत
त्याचंही उघडं पडतं, आमचंही.

गुडघा तर आमच्या कुठल्याच रकान्यात नव्हता.
अठ्ठ्याण्णव साल, चिपळूणशी सामना,
शेवटचं मिनिट.
सकाळी सगळ्यांनी माझ्यावर वीस गुण धरले होते.
मी उडी मारली,
आणि खाली आला तो दुसराच माणूस.
पुढे शाळेमागच्या रिंगला
इकबालने पापलेटच्या जाळ्याचा तुकडा बांधला,
म्हणाला, जागेवरून टाक, उडी नको.
चेंडू आत गेला की
आवाजाआधी वास यायचा.

यंदा तो टँकरवर आहे, फुजैराच्या पुढे कुठेतरी.
तीन दिवस झाले,
माझ्या निरोपापुढे एकच टिक.
हंगाम उद्या पहाटे.

म्हणून त्याचाही रकाना मीच भरतो,
त्याच्यासारखा विचार करत,
मध्येच त्याच्यासारखा खोकतसुद्धा.
अल-रहमान : तांडेल थकलाय, अडतीस.
भैरीकृपा : एकेचाळीस.
जलसुंदरी : मी लिहिले असते सत्तावीस.
त्याच्या हाताने लिहितो एकतीस.
बेरीज मारतो.
बाराशे चौतीस.

कुणाचे तरी चार कापायला हवेत.
रबर टेबलावरच आहे.
ऑक्टोबरच्या उकाड्यात
बर्फाच्या वाफेने कागद ओलसर झालाय,
खोडलं तर फाटेल,
असं मी स्वतःला सांगतो.

साडेचारला भैरीकृपाचा तांडेल येतो,
खरा, लुंगीतला, विडी विझलेली.
चाळीस लाद्या मागतो.
मी विचारतो, "मिळेल काय मासळी आज?"
तो समुद्राकडे बघत नाही,
माझ्या उघड्या वहीकडे बघतो.
"तुम्हीच सांगा. लिहून ठेवता ना एवढं."

मी वही सुलटी करतो.
भैरीकृपा, चाळीस, उधार.