बर्दापूरच्या पुढं

लिंबाएवढी गाठ निघाली.
लातूरहून घरी आणलं तेव्हा
सुलक्षणाच्या डोक्यावर कानामागून कपाळापर्यंत सव्वीस टाके
आणि तोंडात एकच शब्द शिल्लक :
तिकीट.

पाणी पाहिजे, तिकीट.
उशी टोचते, तिकीट.
प्रांजल शाळेतून आली की जरा हसून, तिकीट.
अंबाजोगाई डेपोत एकोणीस वर्षं कंडक्टर.
एवढ्या शब्दांतून हाच कसा मागं राहिला,
डॉक्टरांनी समजावलं, मला कळलं नाही.

माझं तहसीलसमोर रबरी शिक्क्यांचं दुकान.
उलटी अक्षरं वाचायची सवय आहे डोळ्याला,
तरी महिना गेला
कुठलं तिकीट कुठं चाललंय ते ओळखायला.

बोलायला शिकवणारी पोरगी आली, नवी नवी,
हातात चित्रांचे पत्ते.
कप. कुलूप. कोंबडी.
मग माझ्याकडं बोट दाखवून : यांचं नाव काय?
सुलक्षणा गप्प.
पोरीनं वहीत शून्य लिहिलं.
आता तिला कसं सांगू,
बाई, हे नाव लग्नातल्या उखाण्यानंतर
हिनं धडधाकट असतानाही घेतलेलं नाही.
ते शून्य काही त्या गाठीचं नाही.

रात्री हाक मारता यावी म्हणून
खाटेला दोरी बांधली, दोरीला घंटी.
मला वाटलं, वाजवेल कशीही.
तिनं पहिल्याच रात्री नियम लावला :
एक टोल म्हणजे थांबा,
दोन म्हणजे चला.
अंग पुसताना पाणी गार लागलं की एक.
चमचा पुढं करायचा असेल तर दोन.
शेजारच्या खैरून भाभी विचारतात,
"भाईसाब, रात्री दोनला कुठली गाडी सोडलालाव?"

खोटं कशाला बोलू.
एकदा मी ओरडलो.
रजेच्या अर्जावर सही पाहिजे होती,
डेपोतला माणूस दारात उभा,
आणि ही पेन धरून नुसती कागदाकडं बघत बसली.
"अगं, स्वतःचं नाव तरी लिही!"
तिनं पेन खाली ठेवला.
घंटी वाजवली नाही.
दिवसभर वाजवली नाही.
त्या दिवशी दुकानात मी एक शिक्का सुलटा कापला
आणि तो कागदावर उलटा उठला.

टाक्यांच्या जागी आता केस आलेत,
पायपुसण्यासारखे खरखरीत.
तेल लावताना माझं बोट
त्या खाचेपाशी दर वेळी अडखळतं.
ती डोळे मिटून घेते.
दुखतं का विचारलं तर,
तिकीट.
हे बहुतेक "नाही"वालं.

मग परवा, फिटची गोळी देताना,
माझ्या तोंडून सहज निघालं : अंबाजोगाई...
आणि ती सुरू झाली.
वाघाळा पाटी. सायगाव. बर्दापूर.
आवाज तोच, गर्दीतून वाट काढणारा,
मागच्या सीटपर्यंत पोचणारा.
प्रांजल अंघोळीतून ओल्या केसांनी पळत आली.
बर्दापूरला गाडी उभी राहिली.
पुढचं येईना.

पोरगीला फोन केला.
म्हणाली, चांगलं आहे, पण एक करा,
पुढचं नाव तुम्ही देऊ नका.

तेव्हापासून रोज रात्री आठला निघतो आम्ही.
रोज बर्दापूर.
तिच्या गळ्याची शीर ताणते,
डावा हात चादरीवर काहीतरी चाचपत राहतो,
सुट्टे पैसे शोधावेत तसा.
माझ्या जिभेवर रेणापूर तयार असतं,
अगदी दातांपाशी.

काल मी तोंड उघडलंच होतं.
तिनं दोरी ओढली.

एक टोल.

मी रेणापूर गिळलं.
गॅसवर दूध वर येत होतं, वास आला,
प्रांजल उठायला लागली,
तिलाही मी हातानंच बस म्हटलं.