कोपरापाशी समुद्र

गणपती बुडून आठ दिवस झाले होते,
खाडीचं पाणी अजून गढूळच,
तेव्हा गुणाजी मालंडकर आला
उजवा हात डाव्या हातात धरून,
शेजारणीचं मूल आणून सोडावं तसा.

देवबागात माझी एक खोली. बर्फाच्या कारखान्यामागे.
दोन खाटा, एक पडदा, भिंतीतून दिवसभर घरघर.
मागे कार्ली नदी, पुढे दर्या,
मधे गाव, नुसतं कोपरापासून मनगटाएवढं.

माझ्या वहीत ऋतू पाच आहेत.
उन्हाळा संपला, शरद यायचाय,
त्या फटीत चिनी वैद्यांनी एक जादा बसवलाय:
मातीचा, पिवळा, गोड चवीचा.
प्लीहेचा, म्हणजे काळजीचा.
अंगात ओल साठते. पाय जड. जीव कशात नाही.
मी हे समजावून सांगत होते,
तो म्हणाला, "म्हणजे भादवो."

हिवाळ्यात सुई खोल घालावी, उन्हाळ्यात वरवर,
असंही लिहिलंय.
आमचा हिवाळा एका चादरीचा.
किती खोल, ते मी अजून चाचपडतेच.

सुई दाखवली. त्याने ती उजेडाकडे धरली,
जाळं विणायच्या सुईला चाळीस वर्षं सरावलेल्या बोटांत
ती दिसेचना.
"ह्या केसान काय होतला?"
रापणीचा दोर ओढून ओढून गेलेला हात तो,
आणि रापण आता वर्षातून चार वेळा नीट लागत नाही,
बाहेर पर्ससीनवाले सगळं उपसून नेतात.
हे त्याने सांगितलं नाही. हाताने सांगितलं,
नाडीत, तिसऱ्या बोटाखाली.

भिंतीवर तक्ता आहे, कागदी माणूस, अंगभर रेषा.
नखाच्या कडेला विहीर, मी म्हटलं.
पुढे झरा, मग ओहोळ,
मनगटाच्या वर नदी,
आणि कोपरापाशी, हे इथे, वाकडं तळं. इथे समुद्र.
पाणी असं वाहतं. बोटाकडून आत.

तो बराच वेळ तक्त्याकडे बघत राहिला,
हातात सुया, मानेला टॉवेल.
(वारा मानेतून शिरतो, असं पुस्तक म्हणतं.
टॉवेल त्याने पुस्तकाला विचारून बांधला नव्हता.)
मग म्हणाला,
"पोरी, तू निम्म्याच सांगतंस.
भरती इली की दर्या नदीत चढता.
मे म्हयन्यात माझ्या बावीचा पाणी
तोंडात घालूक येना नाय.
बाव आणि दर्या, कोण खंय वाहता ता
तारीख बघून सांगूचा लागता."

मी काडी पेटवत होते, दवण्याच्या जातीच्या पाल्याची,
शेक द्यायला. ओल लागून ती पेटेना.
तिसऱ्या काडेपेटीला धूर झाला.
त्याने नाक ओढलं. "विडी बरी."

वीस मिनिटं दोघंही गप्प.
भिंतीत बर्फ तयार होत होता.
सुया काढताना तो मोजत होता, ओठ हलवत,
सात आत, सात बाहेर,
गळ मोजतात तसा. एकही पाण्यात राहता कामा नये.
हात उचलून बघितला. खांद्यापर्यंत आला, पुढे नाही.
"टोपलीपुरतो झालो," म्हणाला,
आणि पैशांच्या जागी उद्या बांगडे सांगून गेला.

रात्री मी तक्त्यावर एक बाण काढला,
कोपराकडून नखाकडे.
शिसपेन्सिलीने. गुरूंनी पाहिला तर खोडता यावा म्हणून.

बांगडे आले. सहा, कडुलिंबाच्या पानांत.
मंगळवारी तो स्वतः यायचा होता. आला नाही.
मी खाटेवर चादर घालून बसले होते,
आणि बाहेरून ओरडा ऐकू आला, तारली, तारली,
सगळा वाडा वाळूकडे पळत होता.

मीही गेले. दोरावर पंचवीस-तीस माणसं,
तो मधेच कुठेतरी, पाय वाळूत रोवून,
मानेला तोच टॉवेल.
कुठल्या हाताने ओढत होता
ते मला मागून दिसलं नाही.
मी चप्पल काढली आणि दोराचं शेपूट धरलं.