पातं

वारा आहे,
म्हणजे आहे म्हणायचा.
नोट प्रेसमध्ये तीस वर्षं काढली;
गड्डी फरफरवली की अंगठ्याला लागतो
तेवढाच.

मुकणे धरणात काळू झोले ट्यूबवर बसून
जाळं सोडवतोय. म्हणतो,
"भाऊ, आज तुमचं पाखरू नाही उठायचं."
पाखरू म्हणजे माझ्या हातातला फुगवलेला पंख,
वाडीवऱ्हेच्या पंक्चरवाल्याने
दोनदा ठिगळ लावलेला.

फळीवर गुडघे. एक पाय. मग दुसरा.
पाण्याखाली दांडा, दांड्याला पातं,
सगळी मदार त्याच्यावर
आणि दिसत तेच नाही.
पंख ओढतो, पाय दाबतो,
पुन्हा. पुन्हा.
पडतो.
काळू हसत नाही, जाळ्याकडे बघतो.

अंजनेरीच्या अंगाने पाण्यावरून
एक काळपट सुरकुती सरकत येते.
ती पोचायच्या आत उभं असावं लागतं.

आणि फळीचा थपथपाट थांबतो.
पाण्यापासून हातभर वर
मी, एकसष्टाव्या वर्षी, डावा गुडघा दुखरा.
चालतोय म्हणून वारा लागतो,
लागतो म्हणून चालतोय.
एक बगळा बाजूने गेला,
त्याने मला दगडाइतकीच किंमत दिली.

किती वेळ? काळूला विचारलं.
"काडी ओढली, बिडीला लावली, विझली.
तेवढा."

मग म्हणाला, खालचं ते दाखवा की एकदा.
काठाला फळी उलटी केली.
पात्याला त्याच्याच जाळ्याचा
वीतभर निळा धागा.

त्याने तो दातांनी तोडला,
आणि खिशात ठेवला.