सी-तीन

एक पाच तेवढा वाचता येतो.
त्याआधीचे आकडे वडिलांच्या छिन्नीखाली गेले,
आणि पाचापुढं कडं कोरं, गुळगुळीत.
एवढ्याच पुराव्यावर
सकाळच्या बसनं मी त्रेबिचला आले आहे
रुमालात बांधलेलं बेअरिंग मांडीवर घेऊन.

ह्लाविन्काचं दुकान तळघरात.
त्यानं कॅलिपर लावला. आतून पंचवीस, बाहेरून बासष्ट, रुंदी सतरा.
'यात कोडं काहीच नाही,' म्हणाला,
आणि फळीवरून दोन खोकी काढली.
दोन्हींवर तेच चार आकडे,
एकाला मात्र शेपूट: सी-तीन.
'कानाशी धरून हलवा.'
पहिलं गप्प.
दुसरं खुळखुळलं, तान्ह्याच्या खेळण्यासारखं.

मी अर्थातच गप्प बसणारं उचललं.

त्यानं ते माझ्या हातातून काढून घेतलं.
'इंजिन तापतं, बाई.
आतलं कडं दांड्यावर चढवलं की जरासं फुगतं,
बाहेरचं कोठीत दाबलं की आक्रसतं,
छर्र्यांना दिवस काढायचे असतात या दोघांच्या मध्ये.
गार असताना जे नेमकं बसतं
ते चढावर अडकतं.'

मला तो चढ माहीत आहे.
जून महिना, मी नऊ वर्षांची, पुढं टाकीवर बसलेली.
मागच्या चाकानं एकदाच किंचाळून रस्ता धरला
आणि आम्ही तिघं चेरीच्या झाडाखाली
एकमेकांकडे न बघता उभे.
सात किलोमीटर ढकलत आणली गाडी.
आई पुढं, चपला हातात.
पेट्रोलात पाणी आहे, वडील म्हणाले.
पुढं तीस वर्षं तेच म्हणाले,
आणि गाडी गोठ्यात, कोंबड्यांच्या ताब्यात.

त्यांचा हातच आवळणारा.
त्यांनी लावलेलं काकडीच्या लोणच्याचं झाकण
आई गुपचूप शेजारच्या मारेशकडे नेऊन उघडून आणायची.
नळ ठिबकला तर तो असा पिळायचे
की वायसरच फाटायचा.
सैल म्हणजे बिघडलेलं, एवढंच त्यांना ठाऊक.
दुकानात त्यांनीही कानाशी धरलं असेल
आणि गप्प असलेलं निवडलं असेल, माझ्यासारखंच.
म्हणजे छिन्नीनं काहीच लपवलं नव्हतं.
कोरी जागा मुळातच कोरी होती.

मला तरी कळायला हवं होतं.
एकतीस वर्षं ब्र्नोच्या नाटकघरात कपडे बेतले मी.
नट आरशासमोर म्हणतो, इथं घ्या, अजून घ्या,
आणि मी मान हलवून काखेत दोन बोटं सोडतेच,
कारण तिसऱ्या अंकात त्याला तलवार उपसायची असते
आणि तोवर तो घामानं भिजलेला असतो.

सी-तीन घेतलं. दोन. शिवाय एक तेलाची सील,
ती ह्लाविन्कानं फुकट दिली, किंवा हिशेबात विसरला.

रात्री बेअरिंगं बर्फाच्या कप्प्यात,
मटारच्या पिशवीवर.
सकाळी इंजिनाची अर्धी कोठी ओव्हनमध्ये,
जिथं नाताळची बिस्किटं होतात.
ॲल्युमिनियमवर थुंकी टाकून पाहिली, थेंब नाचला.
हातमोजे, मग घाई.
हातोडीचा दांडा काखेत धरून ठेवला होता,
लागला नाही.
कडं आपणहून खाली गेलं,
टप्
एवढंच म्हणालं.

तीन आठवडे झाले. क्रँकशाफ्ट बसला आहे.
बोटानं फिरवला तर फिरतो,
वर उचलून पाहिला तर केसभर हलतो.
त्या केसभराची मला अजून भीती वाटते.
दोनदा पाना घेऊन उभी राहिले, कशासाठी ते न कळून.
बिस्किटांना या वर्षी गिअर ऑइलचा वास येणार,
नातवंडांना सांगून ठेवलं आहे.

तळघरात त्यांनी बंद केलेली
एक बरणी उरली आहे.
मारेश गेला.
मी ती हातात घेते, उजेडात धरते,
काकड्या हिरव्याच आहेत अजून,
आणि परत ठेवते.