पाचवा चौकोन

फ्लीटवूड. नोव्हेंबर. साडेतीनलाच दिवे लागलेत.
क्लिपबोर्डला दोन रबरबँड,
नाहीतर वारा नदीवरून येऊन फॉर्म चाळत बसतो.
पैसे पूर्ण भरलेल्या फॉर्मचेच मिळतात.

प्रश्न एक, पर्याय चार:
करार करून बाहेर. कराराविना बाहेर.
बाहेर, पण जकातीपुरते आत.
बाहेर नकोच.
पसंतीने आकडे घाला.

अकरा नंबर. हेडली थ्रेलफॉल, वय एकोणऐंशी,
उरलेल्या तीन बोटांत पेन्सिल धरतो.
"तिसरा परत वाच."
वाचते.
"म्हणजे बायकोला सोडायचं,
आणि रविवारी जेवायला तिच्याकडेच जायचं?"
आतून आवाज: "कोण आलंय?"
"सरकार!"
मी सरकार नाही, म्हणते मी.
तो बोर्ड घेऊन आत जातो. दार अर्धं उघडं.
उंबऱ्यावर मी, ना आत ना बाहेर,
आणि आत भांडण. अगदी हळू आवाजात,
जुनं, वापरून मऊ झालेलं.

सतरा नंबरला दानूते. मासे पॅक करते.
मतदार नाही, म्हणजे आभार मानून पुढे जायचं.
पण तिने फॉर्म घेतला, चारही ओळी मोठ्याने वाचल्या
ऑर्डर तपासून घेतात तशा,
आणि म्हणाली, इथे स्पेलिंग चुकलंय.
चुकलं होतं.

तेवीसच्या मिसेस रिमर यांनी चारही पर्यायांना एक दिला.
मशीन घेत नाही असं, मी म्हटलं.
"मग मशीनला समजावून सांग."

तिसाव्या दाराच्या पत्रफटीतून दोन डोळे.
"दोन वर्षांपूर्वी सांगितलं की!"
तेव्हा जायचं का, ते विचारलं होतं. आता कसं, ते.
"कसं ते तुम्ही बघा."
फट बंद. बोट थोडक्यात वाचलं.

ट्राममध्ये मांडीवर हिशेब:
एकोणीस फॉर्म, त्यात अकरा 'सांगता येत नाही'.
ऑफिसात हे अकरा बाजूला काढतील,
उरलेल्या आठांचे शंभर टक्के करतील,
आणि संध्याकाळी टीव्हीवर कोणीतरी म्हणेल,
देशाचा कौल स्पष्ट आहे.

धरलं तर चावतंय, सोडलं तर पळतंय,
याला चौकोन नाही.

थ्रेलफॉलांचा फॉर्म शेवटी सापडला.
आकडे खोडून खोडून कागदाला भोक पडलेलं.
समासात दुसरंच अक्षर, बारीक, तिरकं:
"अजून ठरत नाहीये आमचं.
गुरुवारी या. केक असेल."

सर्वेक्षण बुधवारी संपतं.