दुसरा वाटा

बाबा मत्स्य खात्यात आहेत,
असं शाळेच्या फॉर्मवर मी सात वर्षं लिहिलं.
एकदा रकान्याच्या कडेला पापलेटही काढलं होतं,
बाईंनी ते खोडलं नाही.

शुक्रवारी रात्रपाळी करून ते ससून डॉकवरून यायचे,
खारच्या तीन जिन्यांवर पाणी ठिबकवत.
ओल्या कागदात करली, कधी हलवा.
आई कल्ला उचलून बघायची :
एवढी वर्षं त्या खात्यात, आणि अजून शिळी आणता?
ते हसायचे.
मला ते हसणंच वाटायचं.

त्यांचं खातं बेलार्ड इस्टेटमध्ये होतं,
पाटी नसलेल्या दारामागे.
परक्या बोटींवरून कोण उतरतो,
कुठल्या गुत्त्यात कोण कोणाला उधारीवर पाजतो,
ही त्यांची मासळी.
घरी खोटं बोलणं नोकरीतच मोडत होतं,
पगारात धरलेलं.
तेवढं मी समजून घेतलं असतं.

पण त्या मजल्याखाली आणखी एक मजला होता.
तिथली माणसं वर येताना
एका मंगळवारी आमच्या घरातून आली.
रेडिओ नेला, माझा कंपास नेला,
आईची पदार्थांची वही नेली;
भुजण्याचं प्रमाण सांकेतिक असेल, असं त्यांना वाटलं.
आई दारात उभी.
शेजारच्या विजयकरीणबाई साखळी न काढता बघत होत्या.
आई एवढंच म्हणाली :
मग मासे कुठून यायचे?

खटला बंद दारांआड चालला.
निकालाची प्रत मिळाली, तिच्यावर काळी शाई.
'आरोपी मोरेश्वर त्र्यंबक त्रिलोकेकर याने'
इथपर्यंत सगळं स्वच्छ,
पुढे ओळीच्या ओळी बुजवलेल्या.
मी ती ट्यूबलाइटवर धरून पाहिली.
देशाच्या नावाची रेघ फूटपट्टीनं मोजली :
चार अक्षरं, किंवा तीन आणि एक काना.
मग खाली, आपल्या देशाच्या जागीही
तेवढ्याच लांबीची रेघ.

मामा म्हणाला, दोन डगरींवर पाय.
वकील म्हणाले, पैसे.
पैसे कुठे गेले ते वकिलांनाही ठाऊक नव्हतं,
आमच्या फ्रीजचे हप्ते तर आईच्या शिवणातून गेले.

नऊ वर्षांनी सुटून आले.
आईनं पान वाढलं, न बोलता.
पहिल्या घासाला ते म्हणाले, मीठ कमी आहे.
आई म्हणाली,
कोणाचं?

त्यानंतर त्या घरात कोणी मीठ मागितलं नाही.

मी विचारलं एकदाच, दवाखान्यात,
सलाइनची बाटली बदलायची वाट बघत असताना.
ते छताकडे बघत राहिले, वाटलं झोपले.
मग म्हणाले :
त्या माणसानं पहिल्या भेटीत काहीच मागितलं नाही गं.
एवढंच म्हणाला, दमलेले दिसता.
थांबले.
इथं कोणी म्हणालं नव्हतं.
आणि 'इथं' म्हणताना त्यांचा हात
ऑफिसच्या दिशेनं गेला की माझ्या,
ते मला आजही नक्की सांगता येत नाही.

दिवस झाल्यावर मी पहाटे डॉकवर गेले.
बर्फ फोडण्याचा आवाज, डिझेल, कोळंबी सोलणाऱ्या बायका.
चांगुणाबाईनं नाकावरून ओळखलं.
मोरूशेटची पोर ना तू?
लई सच्चा गिऱ्हाईक, कदी घासाघीस नाय.
दर सुक्रवारी दोन वाटं न्यायचा.

दोन?

दोन. येक पिशवीत, येक कागदात बांदून.

कागदातला आमचा.
पिशवीतला कोणासाठी, मी म्हटलं.

बाय, गिऱ्हाइकाला असं कोन इचारतं?
तिनं ओला गोणपाट बाजूला सारला.
तुला किती?

मी एका करलीचा कल्ला उचलला.
लाल होता.
तरी वाकून वास घेतला.